कॅगचे संरक्षण अहवाल : करदात्याला फुकट मिळणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, ज्यांना आता सगळेच जण कॅग म्हणतात, ते केंद्र सरकारच्या संरक्षण खर्चावर संसदेला अहवाल देतात. हे अहवाल सामान्य नागरिकाने वाचावेत का, वाचले तर हाती काय लागते आणि कुठे निराशा पदरी येते, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे. संरक्षणाचाच भाग निवडण्याचे कारण सरळ आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपयांची तरतूद होती, त्यातले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी होते, आणि या खर्चातल्या उधळपट्टीबद्दल कुणी तोंड उघडले की त्याला आधी देशभक्तीची परीक्षा द्यावी लागते. कॅगला ती द्यावी लागत नाही. राज्यघटनेच्या १४८ ते १५१ या अनुच्छेदांनी त्यांना जे स्थान दिले आहे त्याबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलले होते. हा अधिकारी बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे काम न्यायसंस्थेपेक्षाही मोठे आहे, असे त्यांचे मत होते.

सेवेचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांची अपेक्षा इथेच चुकते. पदाच्या नावात नियंत्रक हा शब्द असला तरी तिजोरीतून पैसा बाहेर पडण्याआधी तो अडवण्याचा अधिकार कॅगला नाही. खर्च होऊन गेल्यावर कागद तपासायचे, आक्षेप काढायचे, खात्याचे उत्तर घ्यायचे आणि अहवाल राष्ट्रपतींकडे पाठवायचा, एवढेच त्यांचे काम. पुढे तो संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवला जातो आणि लोकलेखा समिती त्यातले निवडक विषय घेऊन खात्यांची झाडाझडती घेते. त्यामुळे या अहवालांनी अमुक इतके कोटी वाचवले, असे वाक्य कुठे वाचले तर ते जरा जपूनच घ्यावे.

सरकारी लेखा शाखेत आयुष्य घालवल्यामुळे मी या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे आक्षेपाचे उत्तर लिहिणाऱ्याच्या खुर्चीत, बराच काळ बसलो आहे. तिथून पाहिले की अहवालातल्या एका परिच्छेदामागची मेहनत कळते. लेखापरीक्षा पथक येते, नस्त्या मागते, अर्धसमास पत्र, म्हणजे आक्षेपाची लेखी विचारणा, काढते. त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर पटले तर आक्षेप तिथेच मिटतो, न पटल्यास तो तपासणी अहवालात चढतो आणि रक्कम व मुद्दा दोन्ही वजनदार असतील तरच त्याचा मसुदा परिच्छेद होऊन मंत्रालयाच्या सचिवांपर्यंत जातो. उत्तरासाठी साधारण सहा आठवडे मिळतात. ज्या ठिकाणी मी नोकरी केली तिथे ‘पॅरा ड्रॉप झाला’, म्हणजे आक्षेप वगळला गेला, ही बातमी पगारवाढीच्या आनंदाने सांगितली जाई. तेव्हा छापील अहवालात जे दिसते ते या सगळ्या चाळण्यांतून उरलेले असते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. ज्या परिच्छेदाखाली ‘मंत्रालयाचे उत्तर प्रतीक्षेत आहे’ असे लिहिलेले असते तो मी सर्वांत आधी वाचतो, कारण ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही असते तो सहसा सहा आठवडे गप्प बसत नाही.

आता आतला माल. तो सगळाच चुरचुरीत नाही. वर्षानुवर्षे तेच ते प्रकार पुन्हा दिसतात: निविदेची मुदत उलटेपर्यंत फाइल फिरत राहिली आणि मग तीच वस्तू चढ्या भावाने घ्यावी लागली; इमारत उभी राहिली, पण विजेची जोडणी नाही; यंत्र आले, पण ते बसवायला जागा तयार नव्हती; गरजेपेक्षा जास्त वीजभार मंजूर करून घेतला आणि न वापरलेल्या विजेचे पैसे भरत बसले. हे परिच्छेद कंटाळवाणे आहेत, तरी ते सोडून देऊ नयेत असे मला वाटते. मोठ्या घोटाळ्यांच्या बातम्या होतात, आणि हा रोजचा झिरपा कुणाच्या गावीही नसतो. यातल्या बहुतेक ठिकाणी कुणी पैसे खाल्लेले नसतात. कुणी वेळेवर सही केलेली नसते, इतकेच.

जमिनीचा विषय मात्र कुणालाही खिळवून ठेवील असा आहे. २०१०-११ चा संरक्षण मालमत्तांवरील अहवाल मी अनेकांना वाचायला सुचवतो. लष्कराच्या जमिनीवर ९७ गोल्फ मैदाने असून त्यांनी ८,०७६ एकर जागा व्यापली आहे, असे तो सांगतो. ही जमीन सैन्याच्या थेट वापरासाठी राखलेल्या वर्गातली. गोल्फ हा तिचा अधिकृत वापर नव्हे. कागदोपत्री या मैदानांना पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र असे भारदस्त नाव दिलेले होते, ती चालवणारी संस्था खाजगी सोसायटी म्हणून नोंदलेली होती, सदस्यत्वाचे पैसे बाहेरच्यांकडूनही घेतले जात होते आणि सरकारच्या तिजोरीत भाडे येत नव्हते. लेखापरीक्षकाची भाषा इथे किंचितही चढत नाही. एकरांचा आकडा, जमिनीचा वर्ग, नियमाचा क्रमांक, न आलेले भाडे, असे एकामागून एक येत राहते आणि वाचणाऱ्याच्या कपाळावर आठ्या आपोआप उमटतात. पुण्याचा लष्कर भाग, देवळाली, अहिल्यानगर, कामठी अशा छावण्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना तर यातले प्रश्न परके वाटण्याचे कारणच नाही.

मुंबईतल्या कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीवर कॅगने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल याच जातीचा. नोव्हेंबर २०१० मध्ये या प्रकरणात मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते, त्यामुळे राजकीय धुरळा आपल्याला आठवतो. पण जमीन लष्कराच्या ताब्यात असताना ना-हरकत कशी मिळाली, नियम एकेका टप्प्यावर कसे वाकवले गेले आणि मोक्याच्या खुर्चीत बसलेल्यांचा त्यात वैयक्तिक लाभ कसा होता, हे क्रमाने समजून घ्यायचे असेल तर वर्तमानपत्रांच्या जुन्या कात्रणांपेक्षा हा अहवाल चांगला. एखादी इंग्रजी रहस्यकथा वाचताना जी उत्सुकता लागते ती इथे नुसत्या तारखांनी लागते.

या सेवेबद्दल माझे मत ज्या अहवालाने सर्वांत पक्के केले तो सियाचीन आणि इतर उंच भागांतल्या सैनिकांचे कपडे, शिधा आणि निवारा यांवरचा. तो ३ फेब्रुवारी २०२० रोजी संसदेत मांडला गेला. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हापासून डोळे वाचवणाऱ्या गॉगलांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता, असे त्यात नमूद आहे. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट आलेच नाहीत, म्हणून वापरलेल्या बुटांची डागडुजी करून ते पुन्हा द्यावे लागले. तोंडावरचे मुखवटे, जाकिटे आणि झोपण्याच्या पिशव्या जुन्या बनावटीच्या घेतल्या गेल्या, त्यामुळे सुधारित वस्तूंचा फायदा सैनिकांना मिळाला नाही. निवाऱ्यांचा प्रायोगिक प्रकल्प सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय, तुकड्या-तुकड्यांनी राबवला गेला आणि सुमारे २७४ कोटी रुपये खर्चूनही तो यशस्वी झाला नाही.

मला सर्वांत जास्त बोचला तो शिध्याचा परिच्छेद. उंचावर तैनात सैनिकाला विशेष शिधा मिळतो. त्यातली एखादी वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी द्यायची असते. ही पर्यायी वस्तू किती द्यायची, याचे माप उष्मांकाशी जुळवायला हवे होते. जुळवले गेले रुपयांशी. जितक्या रुपयांची मूळ वस्तू, तितक्याच रुपयांची पर्यायी. पर्यायी वस्तू महाग असेल तर हातात येणारे वजन घटते, आणि अहवालाच्या हिशेबानुसार काही बाबतींत सैनिकाच्या वाट्याचे उष्मांक तब्बल ८२ टक्क्यांपर्यंत कमी झाले. तिजोरीच्या दृष्टीने या व्यवहारात एक पैसाही जास्त गेलेला नाही. खर्च मर्यादेत, नोंदी चोख, बेरीज बरोबर. तरीही लेखापरीक्षकाने त्यावर बोट ठेवले, आणि माझ्या मते हीच या अहवालांची खरी किंमत आहे. उधळपट्टी रोखा म्हणून ओरडणाऱ्यांना (त्यांत मीही आहे) खर्च कमी झाला की आनंद होतो. पण जिथे २७४ कोटी निवाऱ्यांच्या प्रयोगात गेले, त्याच बर्फात सैनिकाच्या ताटातले घास रुपयांच्या तराजूने मोजले गेले, आणि या दोन्ही गोष्टी एकाच कारभाराने केल्या. किती खर्चले यापेक्षा ज्यासाठी खर्चले ते झाले का, हा प्रश्न विचारणारी सरकारी लेखणी आपल्याकडे फार नाही.

दारूगोळ्यावरचे दोन अहवालही याच कारणासाठी वाचनीय आहेत. २०१५ च्या अहवालाने दाखवले की तीव्र लढाई सुरू झाली तर लष्कराकडच्या निम्म्या प्रकारांचा दारूगोळा दहा दिवसही पुरला नसता. कॅगने विषय तिथे सोडला नाही. जुलै २०१७ मध्ये पाठपुराव्याचा अहवाल आला आणि त्यात ४० टक्के प्रकारांची तीच गत असल्याचे दिसले. दारूगोळ्याच्या भांडारांत अग्निशमनाचे कर्मचारी कमी आहेत आणि त्यामुळे अपघाताचा धोका वाढतो, हेही त्यात आहे. या दोन अहवालांच्या मधल्या काळात, ३१ मे २०१६ रोजी, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात स्फोट व आग होऊन दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून अधिक जणांचे प्राण गेले. ते आठवत हा परिच्छेद वाचला की कर्मचाऱ्यांच्या तुटीचा रकाना नुसता रकाना राहत नाही. लष्कराच्या उपप्रमुखांना ठरावीक प्रकारचा दारूगोळा थेट खरेदी करण्याचे अधिकार २०१७ च्या त्याच सुमारास देण्यात आले. अहवालामुळेच दिले असे मी म्हणणार नाही, पण प्रश्न चव्हाट्यावर आलेला होता.

परदेशी कंपन्यांकडून मोठी शस्त्रखरेदी करताना कराराच्या ठरावीक हिश्श्याइतकी रक्कम त्यांनी भारतात गुंतवावी, अशी अट २००५ पासून आहे. तिचे पुढे काय झाले, हे सप्टेंबर २०२० च्या अहवालात आहे. मार्च २०१८ पर्यंत असे ४६ करार ६६,४२७ कोटी रुपयांचे झाले होते. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता व्हायला हवी होती; कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा, आणि मंत्रालयाने त्यातलेही ५,४५७ कोटीच मान्य केले. शस्त्रखरेदीच्या बातम्यांत ‘तंत्रज्ञान भारतात येणार’ हे वाक्य दिसले की मी हे चार आकडे आठवतो.

इतकी स्तुती झाल्यावर खोट काढणे भाग आहे. पहिली खोट म्हणजे उशीर. सियाचीनचा अहवाल २०१५-१६ ते २०१७-१८ या वर्षांबद्दल आणि मांडला गेला २०२० मध्ये. तेव्हाचे लष्करप्रमुख, आपल्या पुण्याचे जनरल मनोज नरवणे, यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले की अहवाल जुन्या काळाबद्दलचा आहे आणि आजची तयारी पूर्ण आहे. त्यांचे म्हणणे खरे असेलही. पण उशिरा आलेला अहवाल प्रत्येक खात्याला हे उत्तर आयते हातात देतो. दुसरी खोट संख्येची. माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या माहितीनुसार केंद्रीय मंत्रालयांवरच्या अहवालांची संख्या २०१५ मधील ५५ वरून २०२० मध्ये १४ वर आली. दुकानातल्या मालाची निवड पाच वर्षांत पाऊणपट घटली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?

तिसरी खोट सर्वांत मोठी. राजीव महर्षी महालेखापरीक्षक असताना संरक्षणाचे अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचा निर्णय झाला. परदेशी राजधान्यांत बसलेल्या कुणालाही ते एका क्लिकवर वाचता येऊ नयेत, अशी त्यामागची भूमिका त्यांनी जाहीरपणे मांडली होती. संसदेत अहवाल मांडला जातो, खासदारांना प्रत मिळते, पत्रकार त्यातले आकडे छापतात, दूतावासांत वर्तमानपत्रे येतातच. मग अडला कोण, तर चंद्रपूरचा किंवा सावंतवाडीचा वाचक. गोपनीय तपशील वगळून बाकीचा अहवाल खुला ठेवता आला असता. वगळण्याचीही मर्यादा हवी हे मान्य, कारण फेब्रुवारी २०१९ च्या राफेलसंबंधी अहवालात किमतींच्या जागी अक्षरांचे संकेत आणि टक्केवारी आहे. व्यवहार २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला हा निष्कर्ष मिळतो, पण कशाच्या तुलनेत आणि नेमका किती रुपयांना, हे पडताळण्याची सोय वाचकाला उरत नाही. हिशेबतपासनिसाच्या अहवालात हिशेबच झाकलेला असावा, हे मला तरी पचले नाही.

भाषेची अडचण आहेच. केंद्राचे अहवाल इंग्रजीत आणि हिंदीत निघतात. हिंदी आवृत्तीची भाषा इतकी बोजड असते की इंग्रजी जेमतेम येणारा माणूसही शेवटी इंग्रजीकडे वळतो. प्रत्येक अहवालाचा दहा-बारा पानांचा सारांश मराठीत निघाला तर जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पत्रकारांना आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना त्याचा किती उपयोग होईल!

एक गैरसमज मात्र वाचकानेच टाळायचा आहे. कॅगचा आक्षेप म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. कारगिल युद्धाच्या वेळच्या खरेदीवरचा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये आला; ५०० ॲल्युमिनियम शवपेट्या प्रत्येकी २,५०० डॉलरला घेण्याचा व्यवहार त्यामुळे देशभर गाजला आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना संसदेत विरोधकांचा बहिष्कार सोसावा लागला. पुढे २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपी अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले. शवपेट्यांच्या गदारोळात त्याच अहवालातला दुसरा मुद्दा मागे पडला, तो असा की तातडीची म्हणून केलेल्या खरेदीतला बराचसा माल युद्ध संपल्यानंतर येऊन पोहोचला. माझ्या लेखी तो मुद्दा अधिक गंभीर होता.

हे खाते बंद करा, ती शाखा गुंडाळा, अशी शस्त्रक्रिया सुचवणे हे कॅगचे काम नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. ते काम वेगळ्या समित्या करतात. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली गेली, तिने त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल दिला, आणि तिच्या शिफारशींतूनच १८८९ पासून चालत आलेले लष्करी दुग्धपालन ३१ मार्च २०२१ रोजी अधिकृतपणे बंद झाले. बाजारात दूध मुबलक मिळत असताना सैन्याने गाई का पाळाव्यात, हा साधा प्रश्न सुटायला इतकी वर्षे लागली.

एकंदर पाचपैकी साडेतीन गुण. आशयाला मी साडेचार देतो. उशिराने आणि झाकपाकीने एक गुण गेला. पत्रकार, प्राध्यापक, माहिती अधिकाराचे कार्यकर्ते आणि सरकारी सेवेत नुकते लागलेले तरुण यांच्यासाठी ही सेवा अमूल्य आहे. इतरांनी सारांशापासून सुरुवात करावी, आवडलेल्या एकाच परिच्छेदाचे मूळ पान उघडावे आणि त्यातले मंत्रालयाचे उत्तर व त्यावरचा कॅगचा शेरा आवर्जून वाचावा, कारण खरी जुगलबंदी तिथे असते. जे संरक्षण अहवाल संकेतस्थळावर मिळत नाहीत ते आपल्या खासदारांच्या कार्यालयातून मागून पाहावेत. संरक्षणविषयक स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात, त्यांनीही काही रिकाम्या जागा भरतात. नव्या वाचकाने आधी २०१०-११ चा जमिनीवरचा अहवाल घ्यावा, मग दारूगोळ्याचे २०१५ आणि २०१७ चे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचावेत, आणि पहिल्या अहवालात मंत्रालयाने जी आश्वासने दिली होती त्यांच्यापुढे दुसरा वाचता वाचता पेन्सिलीने खुणा करत जावे.